मोजे

पुंता अरेनासमध्ये माझी जाहिरात
सगळ्यात आधी वाऱ्यानं वाचली.
सकाळी खांबावर चिकटवलेला कागद
दुपारी सामुद्रधुनीच्या पाण्यात,
त्यावरच्या सपाट पोटाच्या बाईसकट.
'आठ आठवड्यांत नवे तुम्ही.'
मीच लिहिलं होतं हे. आता लाज वाटते.

लोकरीचं जुनं गोदाम भाड्यानं घेतलेलं,
भिंतींना अजून मेंढ्यांचा वास.
शाळेनं कमी केलं तेव्हा हाती पडलेले पैसे
मी आरशांत घातले, भिंतभर आरशांत,
आणि बावीस दिवस
त्यांत फक्त मीच दिसत राहिले.

मग पहिला आठवडा फुकट ठेवला.
सोमवारी चौदा जण, शुक्रवारी तीन,
पुढच्या सोमवारी
हीटरचं बिल.

एवारिस्तो बार्रिया आला तो पैसे घेऊनच.
चाळीस वर्षं खेकड्यांच्या बोटीवर काढलेला,
दारात उभा, टोपी हातात,
आरशांकडे पाठ.
म्हणाला, बारीक नाही व्हायचंय मला.
मोजे घालता येत नाहीत.
बायको होती तोवर ती घालायची.
आता शेजारीण घालते,
पण तिला घाई असते.

हीच भवानी, हे मला कळलं नाही.
कंबर मोजायला मी फीत काढली
आणि त्यानं दोन्ही हात वर केले,
बंदरावर झडती देतात तसे.
फीत गुंडाळून खिशात टाकली.
मोजायचं काय, तर मोजे.

त्याच आठवड्यात आरसे विकले, एका सलूनला.
तीन महिन्यांचं भाडं निघालं.

वहीत वजनं लिहिणं हळूहळू सुटलं.
आता वहीत असं काही असतं:
मिर्ना, जकातमुक्त बाजारात दिवसभर उभी, उजवी टाच.
मुलगा उत्तरेला खाणीत.
रविवारी त्याचा फोन आला नसेल
तर सोमवारी हिला जड उचलायला देऊ नये.
यूरे बेकरीवाला, पहाटे तीनला उठतो.
जांभई दिली तर मनावर घेऊ नये.
एवारिस्तो, डावा पाय,
बोटं आणि घोटा यांत अजून एक वीत.

कुणी आलं नाही की पूर्वी मी कळवायचे,
'तुमची जागा तुमची वाट पाहतेय!'
जागा कशाला वाट पाहील?
वाट मी पाहत होते, भाड्यासाठी.
आता एवढंच विचारते, टाच कशी आहे?
काही जण उत्तर देतात.
एदुविनानं दिलं नाही.
तिची पाण्याची बाटली अजून फळीवर आहे,
अर्धी भरलेली.
का गेली, मला माहीत नाही.

मॉलमध्ये निळ्या दिव्यांची जिम उघडली, निम्म्या दरात.
माझे पाच गेले.
मी दर उतरवला नाही.
त्यात बाणेदारपणा नव्हता,
उतरवायला काही उरलंच नव्हतं.

नोव्हेंबरात वारा पिसाळला.
नगरपालिकेनं चौकाचौकांत दोर बांधले,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
आज कोण मरायला येतंय, म्हणत
मी सहाला दिवे लावले,
सवयीनं.

सहा वाजून दहा मिनिटांनी एवारिस्तो आला,
तळहातांवर दोराचे वळ.
बाकावर बसला. डावा बूट काढला, मग मोजा,
आणि तो उलटा मोजा सरळ करून
वाकला.
मी खिडकीकडे पाहत राहिले.
पत्रा वाजत होता.
बराच वेळ गेला.
त्याचा श्वास दोनदा अडकला, मी वळले नाही.

मग म्हणाला, बघ.
टाच पायावर आली होती, मोज्याची,
अगदी जिथल्या तिथे.

माझ्या तोंडून निघूनच गेलं,
आता तुम्हाला माझी गरज नाही.
धंद्यात असं बोलू नये.

तो खिशात नोटा शोधत होता.
उजवा राहिलाय, म्हणाला,
आणि पुढच्या महिन्याचे पैसे बाकावर ठेवून
वर बूट ठेवला,
उडू नयेत म्हणून.